कबुतरबाजांची पाच वैशिष्ट्यं

प्रथम वर्ष समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमातलं 'उपसंस्कृती' हे प्रकरण नुसत्या खडू-फळ्यावर शिकवता येत नाही, असा ठराव आमच्या विभागाने एकमताने संमत केला. एकमत व्हायला फारसा वेळ लागला नाही. विभागात आम्ही दोघंच, विभागप्रमुख बाई आणि मी, आणि बाई त्या दिवशी रजेवर होत्या.

ठरावाची गरज का पडली ते सांगतो. व्याख्या माझी तोंडपाठ आहे. मोठ्या समाजात राहूनही ज्यांचे आचार, विचार, वेश आणि बोली वेगळी, असा लहान समूह म्हणजे उपसंस्कृती. हे मी दरवर्षी सांगतो, मुलं दरवर्षी लिहून घेतात, आणि कुणाच्या केसालाही धक्का लागत नाही. यंदा मात्र मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, उदाहरण?" आता आली का पंचाईत. मी सकाळी घरातून निघून महाविद्यालयात येतो आणि संध्याकाळी महाविद्यालयातून निघून घरी जातो. वाटेत मला आजवर एकही उपसंस्कृती आडवी गेलेली नाही. 'उदाहरण शोधणं हाच तुमचा गृहपाठ' असं सांगून मी त्या दिवशी वेळ मारून नेली, पण मनाला लागलं ते लागलंच.

क्षेत्रभेट हा एक मार्ग होता. म्हणजे मुलांना घेऊन एखाद्या खऱ्याखुऱ्या उपसंस्कृतीच्या दारात जाऊन उभं राहायचं. पण त्याला पालकांची संमती लागते, गाडी लागते, गाडीला विमा लागतो, आणि सगळ्यात अवघड म्हणजे त्या उपसंस्कृतीतल्या लोकांना त्या दिवशी सवड असावी लागते. त्यापेक्षा चित्रपट बरा. दिवे मालवले की उपसंस्कृती आपल्या पायांनी वर्गात येते, मध्यंतराला थांबते, आणि तास संपायच्या आत मरते किंवा सुधारते. गुण द्यायलाही सोपं जातं.

रजेवरून परतल्यावर बाईंनी ठराव वाचला. विरोध केला नाही, फक्त अटी घातल्या. चित्रपटात दारू नको, धूम्रपान नको, पोलिसांशी हुज्जत नको. कुठल्याही धंद्याचा, पंथाचा किंवा पक्षाचा माणूस दुखावेल असं काही नको. आणि वडीलधाऱ्यांचं न ऐकणारी तरुण पोरं तर मुळीच नकोत. मी अदबीने म्हटलं, बाई, मग उपसंस्कृतीत उरलं काय? त्या म्हणाल्या, ते तुम्ही बघा, प्राचार्यांना तोंड मला द्यायचंय.

मी बघितलं. सबंध सुट्टी बघण्यात घालवली. मोटारसायकलवाले बघितले, ते पीत होते. भिंती रंगवणारे बघितले, ते पोलिसांच्या पुढे पळत होते. गाणारे बघितले, त्यांचं वडिलांशी पटत नव्हतं. शेवटी माझ्या मेहुण्याच्या जुन्या संग्रहात एक चित्रपट सापडला, गच्चीवर कबुतरं पाळणाऱ्या माणसांचा. दारू नाही, सिगारेट नाही, पोलीस नाहीत. तो काढणाऱ्याने आयुष्यात कधी कबुतर हातात धरलं होतं का, याची चौकशी मी केली नाही. आपल्याकडे चौकशी अर्जदाराची करतात, पुराव्याची नाही.

चित्रपट असा होता. नायक काळं चामडी जाकीट घालून गच्चीच्या कठड्यावर उभा राहतो, तोंडात दोन बोटं घालून शीळ घालतो, आणि सगळं आभाळ कबुतरांनी भरून जातं. कबुतराला तो कबुतर म्हणत नाही, 'पाहुणा' म्हणतो. पलीकडच्या गच्चीवर त्याचा हाडवैरी. दोघं आयुष्यभर एकमेकांचे पाहुणे पळवतात. शेवटी धुकं पडतं, नायक कठड्यावरून पडतो, आणि पडद्यावर नुसती रिकामी ढाबळ दिसत राहते. ढाबळ म्हणजे कबुतरांचं लाकडी खोपट. मुलं रडली. मीही थोडा रडलो. दाराशी उभ्या असलेल्या बाईंनी डोळे पुसले आणि अनुदानासाठी याचा अहवाल तयार करा म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर कबुतरबाजांची पाच वैशिष्ट्यं लिहून दिली. काळं जाकीट, शीळ, गुप्त बोली, हाडवैर आणि अकाली मृत्यू. 'उपसंस्कृती' हे प्रकरण इतकं सुटसुटीत याआधी कुणी केलं नसेल. मी खडू खाली ठेवतो न ठेवतो, तोच तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"सर, माझे बाबा कबुतरं पाळतात. असं काही नसतं."

वर्गात खसखस पिकली. मी शांतपणे विचारलं, "काय नसतं?"

"जाकीट नसतं. कबुतरं अंगावर घाण करतात म्हणून जुना सदरा घालतात. शीळ घालत नाहीत, डब्यात दाणे खुळखुळवतात. आणि कबुतराला कबुतरच म्हणतात."

"तू किती कबुतरबाजांचं निरीक्षण केलंस?"

"एकाच. बाबांचं."

"एका माणसावरून सबंध समूहाचा निष्कर्ष काढणं अशास्त्रीय असतं," मी म्हणालो.

"मग चित्रपटात किती होते, सर?"

"दोन," मी म्हणालो. "म्हणजे दुप्पट."

मुलगी खाली बसली. हट्ट मात्र तिने सोडला नाही. सत्र परीक्षेत 'कबुतरबाजांची पाच वैशिष्ट्ये सोदाहरण स्पष्ट करा' असा प्रश्न आला, तेव्हा तिने खुशाल घरचं लिहिलं. कबुतरबाज पहाटे उठतात, ढाबळ खरवडतात, आजारी पाखराला वेगळं ठेवतात, आणि आभाळात ससाणा दिसला की जेवण टाकून वर धावतात. सगळं वाचनीय होतं, पण अपेक्षित उत्तरात त्यातलं एक अक्षर नव्हतं. मी तिला अक्षर वळणदार असल्याबद्दल गुण दिले आणि नापास केलं. तिने फेरतपासणीचा अर्ज केला. उत्तरपत्रिका बाहेरच्या परीक्षकांकडे गेली. त्यांनी अक्षराचे गुणही काढून घेतले आणि 'विद्यार्थिनीने चित्रपट लक्षपूर्वक पाहिलेला नाही' असा शेरा मारला. शास्त्र सगळीकडे सारखंच असतं, याचं मला समाधान वाटलं.

इकडे अनुदानासाठी केलेला माझा अहवाल वर गेला, वरून आणखी वर गेला, आणि एका वर्तमानपत्राने मला 'कबुतर-संस्कृतीचे गाढे अभ्यासक' म्हणून टाकलं. त्याच सुमारास पालिकेने गच्च्यांवरची बेकायदा बांधकामं पाडायचा निर्णय घेतला. पत्र्याच्या शेड, जुने पिंप, कुंड्यांचे मनोरे, ढाबळी, सगळं साफ. पण पालिकेतल्या एका बड्या अधिकाऱ्याची मुलगी माझ्याच वर्गात होती आणि जेवताना माझ्या नोट्स मोठ्याने पाठ करायची. बापाच्या कानावर संस्कृती पडली. त्याने नियमात एक ओळ घातली: मान्यताप्राप्त उपसंस्कृतीच्या वास्तू वगळून. मान्यता तज्ज्ञाच्या शिफारशीवर मिळेल. तज्ज्ञ म्हणून माझी नेमणूक झाली.

इथे कुणी म्हणेल की या माणसाने खरी ढाबळ कधी पाहिली तरी होती का? नव्हती. म्हणूनच नेमणूक झाली. पाहिलेली असती तर माझे तिथल्या कुणाशी तरी हितसंबंध आहेत, असा आरोप झाला असता.

पहिला अर्ज तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या वडिलांचा आला. ती स्वतःच स्टाफरूममध्ये घेऊन आली. वाळत घातलेल्या चादरी कबुतरं घाण करतात, अशी त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या शेजारीणबाईंनी तक्रार केली होती आणि ढाबळ पाडायची नोटीस दाराला लागली होती. अर्ज माझ्यापुढे ठेवून ती उभीच राहिली.

"सर, ढाबळ पाडली तर पाखरं जायची कुठे? बाबांनी एकदा काही कबुतरं मामाला देऊन पाहिली होती, पार दुसऱ्या गावाला. मामाचा पोचल्याचा निरोप यायच्या आत ती आमच्या गच्चीवर हजर. त्यांना दुसरं घर कळतच नाही. ढाबळ नसली तर ती नुसती येऊन येऊन तिथे बसतील." एवढं बोलून तिने डोळे पुसले. अश्रू तिला लपवता आले नाहीत आणि लपवायचेही नव्हते.

माझं मन पाघळलं. मलाही घर आहे. मी तिला शब्द दिला की पाहणी अगदी निष्पक्ष होईल. हे ऐकून ती आणखीच रडवेली का झाली, ते मला तेव्हा कळलं नाही.

पाहणीला मी आणि पालिकेचा निरीक्षक असे दोघं गेलो. निरीक्षक मापाची फीत घेऊन आला होता. प्रत्येक गोष्ट आधी मोजायची आणि मग ती काय आहे ते विचारायचं, अशी त्याची पद्धत. मुलीचे वडील एका औषधाच्या दुकानातून निवृत्त झालेले कंपाउंडर. बारीक चणीचे, बोलायला मऊ. त्यांनी आम्हाला गच्चीवर नेलं. अंगात खांद्यावर पांढरे डाग पडलेला सदरा आणि हातात पत्र्याचा डबा. डबा खुळखुळवल्याबरोबर सगळी पाखरं आभाळातून खाली आली आणि त्यांच्या खांद्यांवर, डोक्यावर, पायांशी बसली. निरीक्षक मोजायचं विसरला. दृश्य छान होतं, मी नाकारत नाही. पण वैशिष्ट्यांत बसत नव्हतं.

मी कामाला लागलो. जाकीट कुठाय, म्हणून विचारलं. ते म्हणाले, उकडतं हो. शीळ घाला म्हटलं, तर तोंड चाचपून म्हणाले, पुढचे दात गेले, आता हवा नुसतीच जाते. कबुतरांना काय म्हणता, या प्रश्नावर ते म्हणाले, "या या या म्हणतो."

"तुमचं हाडवैर कुणाशी आहे?"

"हाडवैर?" त्यांनी आठवून पाहिलं. "पलीकडच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करणारे आहेत, तेही कबुतरं पाळतात. त्यांचं एखादं पाखरू चुकून माझ्या थव्यात आलं, तर संध्याकाळी नेऊन देतो. ते चहा पाजतात. माझं गेलं, तर ते आणून देतात. मग चहा मी पाजतो."

"वैर नाहीच?"

"ते साखर जास्त घालतात."

मी तेवढं टिपून घेतलं, पण साखरेवर मान्यता देता येत नाही. पाचव्या वैशिष्ट्याचा प्रश्न नाजूक होता. समोरचा माणूस हयात होता, आणि त्याची साठी उलटून गेली होती. आता काही झालं तरी त्याला अकाली म्हणता आलं नसतं. निरीक्षकाने फीत गुंडाळत मला विचारलं, मग हे कबुतरबाज आहेत की नाहीत? मी म्हटलं, शास्त्रीयदृष्ट्या हे कबुतरं पाळणारे गृहस्थ आहेत. निरीक्षक म्हणाला, गृहस्थांना गच्चीवर परवानगी नाही. त्याचंही बरोबर होतं.

पण मी काही दगड नाही. मी निरीक्षकाला बाजूला घेतलं आणि अर्जदाराला वैशिष्ट्यं विकसित करण्यासाठी महिनाभराची मुदत मिळवून दिली. उतरताना मुलीला म्हणालो, चित्रपटाची प्रत विभागात आहे, घरी नेलीस तरी चालेल. एवढं कोण करतं हो?

पुढचं मला तिच्याकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्या रविवारी घरी पडदे ओढून चित्रपट लावला. कंपाउंडर, त्यांची बायको आणि घड्याळवाले, कारण त्यांच्याही दाराला नोटीस लागली होती, असे सगळे रांगेत बसले. नायक कठड्यावर चढला तेव्हा कंपाउंडर ओरडले, अरे पडशील. तो पडला तेव्हा ते म्हणाले, सांगत होतो. मुलीच्या आईने चित्रपट शेवटपर्यंत पाहिला. मग उठून म्हणाली, "लग्न झाल्यापासून सांगतेय की जरा बरे कपडे घाला, तेव्हा ऐकलं नाहीत. आता पालिकेने सांगितलं की लगेच चामड्याचं." तरी जाकीट आणायला तीच गेली आणि बाह्या आखूड करून तिनेच दिल्या.

शिळेसाठी मुलीने फुटबॉलच्या पंचाची शिटी आणली आणि तोंडात बोटं घालून ती लपवायची कशी, ते बाबांना शिकवलं. कबुतरांना पाहुणे म्हणायची सवय व्हावी म्हणून घरात फतवा निघाला. एका संध्याकाळी दारावर खरेच पाहुणे आले, तर कंपाउंडर आतून ओरडले की त्यांना वर नेऊन दाणे टाक. आई म्हणाली, अख्खी हयात संसार केला, पण वेड्यांच्या इस्पितळात राहते असं कधी वाटलं नव्हतं.

हाडवैर तेवढं जमेना. दोघांनी ठरवून गच्चीवरून एकमेकांना शिव्या द्यायच्या होत्या. कंपाउंडरांना शिव्या येत नव्हत्या, म्हणून ते औषधांची नावं ओरडायचे. घड्याळवाल्यांच्या अंगात मात्र भूमिका भिनली. जन्मभर भिंग डोळ्याला लावून मान खाली घालून बसलेला माणूस, काळं जाकीट चढवल्याबरोबर ताठ झाला. आधी तालीम म्हणून त्यांनी कंपाउंडरांची एक मादी पळवली. संध्याकाळी कंपाउंडर न्यायला गेले. घड्याळवाल्यांनी दार उघडलं नाही. आतून म्हणाले, चित्रपटात परत करत नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. कंपाउंडर घरी येऊन नुसते बसून राहिले. चौथ्या दिवशी त्यांनी घड्याळवाल्यांचा नर पळवला. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं मुलगी म्हणाली. चहा दोन्हीकडचा बंद झाला.

मला हे समजलं तेव्हा खरं सांगतो, आनंद झाला. चौथं वैशिष्ट्य पक्कं बसलं होतं.

दुसऱ्या पाहणीला आम्ही गेलो तो थाट काय सांगू. कंपाउंडर काळ्या जाकिटात कठड्यापाशी उभे, केसांना तेल, मान वर. पलीकडच्या गच्चीवर घड्याळवाले, तसेच. दोघं एकमेकांकडे अशा नजरेने बघत होते की माझ्या अंगावर काटा आला. अभिनय नव्हता तो. निरीक्षकाने दोघांच्या जाकिटांची लांबी मोजली आणि मान डोलावली. मग त्याने पाचव्या वैशिष्ट्याबद्दल विचारलं. मी म्हटलं, त्यापुढे 'यथावकाश' असं लिहू. कंपाउंडरांची हरकत नव्हती.

"आता शीळ," मी म्हणालो.

त्यांनी तोंडात बोटं घातली. शिटी अशी वाजली की खालच्या रस्त्यावरची वाहतूक थांबली. ढाबळीतून सगळी पाखरं एका झपाट्यात वर गेली, आभाळ खरोखरच भरलं, आणि मी नकळत टाळ्या वाजवल्या. चित्रपटात होतं तसंच, तसूभरही फरक नाही. फक्त चित्रपटात पुढचं दृश्य लागलं होतं, इथे लागेना. कबुतरं फिरत राहिली. खाली काळ्या चामड्यातला कुणीतरी परका माणूस हात हलवत होता आणि किंचाळत होता. कोण उतरतंय? मुलीने दाण्यांचा डबा बाबांच्या हातात दिला. निरीक्षक म्हणाला, डबा वैशिष्ट्यांत नाही. मी काही म्हणालो नाही. कंपाउंडरांनी माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि डबा हळूच कठड्यावर ठेवून दिला. पाखरं थोडा वेळ समोरच्या टाकीवर बसली आणि मग कुठेतरी गेली.

मान्यता त्याच दिवशी मिळाली. अटी नेहमीच्याच. गच्चीवर सदैव प्रमाणित वेश, सदैव प्रमाणित शीळ, डबा खुळखुळवण्यास मनाई, आणि कसूर आढळल्यास ढाबळ दुसऱ्या दिवशी जमीनदोस्त. कसूर शोधायला पालिकेला माणूस नेमावा लागला नाही. चौथ्या मजल्यावरच्या शेजारीणबाई खिडकीत फोन रोखून विनामूल्य बसू लागल्या.

कबुतरं दुसऱ्या दिवशी आली. घरचीच ती. कठड्यावर उतरली, जाकीट दिसलं, उडाली. तिसऱ्या दिवशीही आली. मग कमी आली. मुलगी म्हणाली, बाबा, काढा ते अंगातलं आणि वाजवा डबा, काय व्हायचं ते होऊ दे. कंपाउंडर म्हणाले, वाजवला तर ढाबळ जाते. ढाबळ उभी राहिली तर आज ना उद्या येतील, नाही तर कुठे येतील? म्हणून ते जाकीट घालून रिकाम्या ढाबळीपाशी थांबायचे. हळूहळू तेही वर जाईनासे झाले. फक्त आमच्या क्षेत्रभेटीच्या दिवशी जायचे. हो, आता क्षेत्रभेटही सुरू झाली होती. उपसंस्कृती मान्यताप्राप्त असल्यामुळे विमा लगेच मिळाला. एका मुलाने ढाबळीत डोकावून विचारलं, सर, कबुतरं कुठायत? मी म्हटलं, बाळा, चित्रपट आठव, शेवटी ढाबळ रिकामीच असते. मुलांनी लिहून घेतलं.

वार्षिक परीक्षेला तोच प्रश्न पुन्हा आला. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने पाचही वैशिष्ट्यं जशीच्या तशी लिहिली, उदाहरणादाखल वडिलांचं नाव दिलं, आणि वर्गात पहिली आली. शिक्षणाने माणूस घडतो म्हणतात ते हेच. निकाल लागल्यावर ती स्टाफरूममध्ये आली. मला वाटलं पेढे आणले असतील. हात रिकामे होते.

"सर, प्राध्यापकांवर एखादा चित्रपट आहे का? समाजशास्त्राच्या?"

मी विचारलं, कशाला हवाय?

"बाबांना दाखवायचाय. त्यांना तुमचा राग येत नाही, सर. त्याचाच मला राग येतो. ते म्हणतात, साहेबांची काही अडचण असेल, वरून कुणी सांगितलं असेल, माणूस तसा वाईट वाटला नाही, एकदा घरी बोलव. मी म्हणते, बाबा, तुमची पाखरं गेली त्यांच्यापायी, तुमचा मित्र गेला. तर म्हणतात, तरीपण." तिचा आवाज चढला होता. तो खाली आणून ती म्हणाली, "एखादा चित्रपट दाखवला तर त्यांना कळेल तरी की तुम्ही लोक कसे असता."

मागणी रास्त होती आणि शैक्षणिकही होती. मी पुष्कळ शोधलं. आमच्यावर कुणी चित्रपट काढलेला नाही. आमच्यात जाकीट नाही, शीळ नाही, वैर आहे पण ते पडद्यावर दिसत नाही. मग मीच बसलो आणि घडलं ते सगळं, एका प्राध्यापकाचं आणि एका निरीक्षकाचं, आत्ता तुम्ही वाचलंत तसं लिहून काढलं. पहिली प्रत मुलीच्या हाती घरी पाठवली.

कंपाउंडरांनी चष्मा लावून सगळं वाचलं म्हणे. आई मध्ये मध्ये विचारत होती, मग, आता तरी पटलं का? त्यांनी कागद नीट दुमडून ठेवले आणि म्हणाले, "छे गं. सगळेच प्राध्यापक असे थोडेच असतील? आणि हेसुद्धा चोवीस तास असे नसतील." त्यांना माझ्या विषयात पास करणं मला जन्मात शक्य झालं नसतं.

तुमचं तसं नाही. तुम्ही इथवर आलात, वाटेत दोनचारदा मान डोलावलीत, 'प्राध्यापक म्हणजे असेच, पालिकेतले म्हणजे असेच' असं मनाशी म्हणालात, आणि बहुधा एखादं नावही तुम्हाला आठवलं. पुराव्याला होते एक प्राध्यापक आणि एक निरीक्षक, म्हणजे दोनच. कुठे चौकशी केली नाहीत, कुणाच्या दारात गेला नाहीत, सगळं बसल्याजागी झालं. यंदा बाई निवृत्त झाल्या, त्यामुळे विभागात एक जागा रिकामी आहे. अर्ज करायला लाजू नका, तुमची पात्रता मी आत्ताच तपासली.